क्रियापदांचं हळदीकुंकू

फेब्रुवारी आला की बारामतीत दोन गोष्टी एकदम वाढतात. ऊन, आणि झेरॉक्सच्या दुकानापुढची गर्दी. सकाळी स्वेटर लागतो आणि अकरा वाजता तोच कमरेला बांधून फिरावं लागतं. कॉलेजच्या रस्त्यावर क्लासवाल्यांचे फ्लेक्स चढतात. खाली पोरापोरींचे पासपोर्टएवढे फोटो, आणि वर त्या माणसाचा दाराएवढा फोटो, जो परीक्षेला बसलेलाच नसतो. मी याचा निषेध करते. दरवर्षी करते, आणि दरवर्षी फ्लेक्स दोन फूट वाढतो.

परवा अशाच एका दुकानात उभी होते. एमआयडीसीत काम करणाऱ्या बायकांसाठी स्वच्छतागृह मागणारं आमचं पत्रक होतं, त्याच्या प्रती काढायच्या होत्या. पुढं बारावीतली एक मुलगी. तिच्या हातात इंग्रजी व्याकरणाचं एक पान, मधे रेघ मारून दोन रकाने केलेले. एकीकडं एन्जॉय, अव्हॉइड, फिनिश. दुसरीकडं वॉन्ट, होप, डिसाइड. "बारीक करून द्या दादा, तळहातात मावंल एवढं," ती म्हणाली. कशासाठी ते दुकानदाराला कळलं, मलाही कळलं. एरवी मी तिथंच भाषण दिलं असतं. पण मशीनमधून तो गरम कागद बाहेर आला आणि मला चक्क हळदीचा वास आला. भाषण राहून गेलं.

तो वास तीन वर्षांपूर्वीच्या फेब्रुवारीतला. सुमनकाकूच्या स्वयंपाकघरातला.

सुमनकाकू माझी चुलती. निमगाव केतकीच्या अलीकडं, फाट्यावर एसटीतून उतरून आत चालत गेलं की आमचं गाव. तिथल्या अंगणवाडीत ती मदतनीस होती. मदतनीस म्हणजे काय, हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. घरोघर जाऊन पोरं गोळा करायची, नाकं पुसायची, खिचडी शिजवायची, वाढायची, भांडी घासायची, खोली झाडायची आणि पोरं परत ज्याच्या त्याच्या दारात पोचवायची. लिहायचं मात्र काही नाही. रजिस्टर सेविका लिहितात. त्यांना गाव 'बाई' म्हणतं. काकूला सगळं गाव 'मावशी' म्हणायचं.

त्या वर्षी मेअखेर बाई निवृत्त होणार होत्या. त्यांच्या जागी काकूला बढती मिळण्यासारखी होती, पण त्यासाठी बारावी पास पाहिजे. काकूनं बाहेरून फॉर्म भरून बाकीचे सगळे विषय सोडवले होते. इंग्रजी तेवढं राहिलं होतं. एकदा नाही, दोनदा राहिलं होतं. ही तिसरी खेप. यंदा सुटलं नाही तर ती जागा दुसरी कुणीतरी घेणार आणि काकू म्हातारी होईपर्यंत पाट्या पुसत राहणार, हे अगदी स्वच्छ होतं.

ती परीक्षेला बसते हेच मुळी गावाला ठाऊक नव्हतं. पेपरच्या दिवशी ती "माहेरला जाऊन येते" सांगून घर सोडायची. ठाऊक होतं ते तिघांनाच. पोपटकाकाला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, माझ्या आईला आणि मला. मी बारामतीत खोली घेऊन राहते, संघटनेचं काम करते, पत्रकं लिहिते, आणि कधीकाळी इंग्रजीत चांगले मार्क पाडले होते. म्हणून संक्रांतीच्या सुमाराला तिनं मला बोलावून घेतलं. दर शनिवार-रविवार मी एसटीनं गावाकडं जायची. दोन्ही बाजूला ज्वारी निसवलेली, मधूनच डाळिंबाच्या बागेवर मारलेल्या औषधाचा उग्र वास, पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, आणि त्याला ओलांडायची हिंमत न होणारा आमचा ड्रायव्हर. त्या ट्रॅक्टरमागं रांगत रांगत मी जेवढं इंग्रजी व्याकरण परत पाठ केलं, तेवढं कॉलेजातही केलं नव्हतं.

व्याकरणात काकूचा पाय एकाच ठिकाणी अडकायचा. एका क्रियापदाला दुसरं क्रियापद जोडायचं तर मधे टू घालायचा की शेवटी इंग लावायचं? आय वॉन्ट टू गो, पण आय एन्जॉय गोइंग. पेपरात हमखास असतं. अधोरेखित शब्दाचं जेरंड करा, इन्फिनिटिव्ह करा, वाक्य परत लिहा.

"एन्जॉयला इंग का लागतं?" काकूनं पहिल्याच दिवशी विचारलं.

"लागतं."

"का पर?"

"इंग्रजांना विचार."

"ते गेले की कवाच. आता तूच सांग."

मला सांगता आलं नाही. नियम सांगता येत नसला की मला राग येतो. मी म्हटलं, काकू, हा निव्वळ जुलूम आहे, यात तर्क नाही, पाठ करायचं. काकूनं पुस्तकाकडं बराच वेळ पाहिलं. मग म्हणाली, "मेंढरागत हाय म्हण की. कुणाचं कुठलं ते तोंडावरनं कळत न्हाय. खूण करावी लागती."

तिच्या वडलांची मेंढरं होती. मोरगावच्या बाजूचा कोरडा मुलूख. दिवाळी झाली की कळप घेऊन घर निघायचं, आणि शाळेसाठी हिला मावशीकडं ठेवून जायचे. निघायच्या आदल्या दिवशी वडील प्रत्येक मेंढराच्या पाठीवर रंगाचं बोट ओढायचे, म्हणजे वाटेत दुसऱ्याच्या कळपात मिसळलं तरी ओळखू येईल. काकू रंगाचा डबा धरायची. आता मेंढरं नाहीत, भाऊ उसाला पाणी देतो आणि रिकाम्या वेळात फळांची गाडी चालवतो. पण खूण करायची ती सवय तिच्या बोटात राहिलेली होती.

तिनं फळीवरचा करंडा काढला. संक्रांतीनंतरचे दिवस, रथसप्तमीपर्यंत घरोघर हळदीकुंकू चाललेलं, करंडा भरलेलाच होता. अनामिका हळदीत बुडवून तिनं एन्जॉयच्या डोक्यावर टिकली लावली. "ही इंगवाली." मग कुंकवात बोट बुडवून वॉन्टला लावलं. "ही टूवाली. आता पुढची सांग."

मी सांगत गेले, ती लावत गेली. अव्हॉइड, फिनिश, सजेस्ट, माइंड, डिनाय यांना हळद. होप, डिसाइड, रिफ्यूज, प्रॉमिस यांना कुंकू. लाइक आणि बिगिन आले तेव्हा मी म्हटलं, यांना दोन्ही चालतं. तिनं आनंदानं दोन्ही टिकल्या लावल्या. "ह्या खऱ्या सवाष्णी."

दोन शनिवारांत त्या पुस्तकाचं पान पिवळं-लाल होऊन गेलं. उघडलं की आधी वास यायचा, मग अक्षरं दिसायची. गंमत बघा, मी कॉलेजात तीन रंगांचे हायलायटर वापरले होते आणि एकही शब्द लक्षात राहिला नव्हता. काकूला मात्र शब्द ऐकला की रंग दिसायचा. मी 'रिफ्यूज' म्हणायचा अवकाश, ती डोळे मिटून "कुंकू" म्हणायची, आणि मग "रिफ्यूज्ड टू कम" असं अख्खं वाक्य.

भाकरी थापता थापता ती वाक्यं करायची. एकदा परातीतला हात न थांबवता तिनं उखाणाच घेतला:

"वरणाला दिली फोडणी, वरनं टाकला हिंग,
पोपटरावांचं नाव घेते, एन्जॉयपाठी इंग."

पोपटकाका कारखान्यात पहिल्या पाळीला निघाले होते, हातात मोटरसायकलची किल्ली. ते दारातच थबकले. एवढ्या वर्षांत बायकोनं घरात विनाकारण नाव घेतलेलं त्यांनी ऐकलं नसावं. "ह्ये बी शिलेबसला हाय का?" त्यांनी विचारलं. आम्ही दोघी इतक्या हसलो की तव्यावरची भाकरी करपली. ती करपलेली त्यांच्या डब्यात गेली.

सगळ्यात अवघड गेलं ते 'लुकिंग फॉरवर्ड टू मीटिंग यू'. टू पण आहे आणि इंग पण. काकूनं कपाळाला हात लावला. "लगीन झालंय, पर आडनाव माहेरचंच लावतीया व्हय ही?"

"बरोबर करती," मी म्हटलं. "मी पण तेच करणार."

"तू आधी लगीन तर कर."

आणि 'स्टॉप'. स्टॉप्ड टू टॉक म्हणजे बोलायला थांबली, स्टॉप्ड टॉकिंग म्हणजे बोलायची थांबली. हे मी वहीत आकृती काढून समजावणार होते, पण काकू म्हणाली, "कळलं की. जावा-जावांचं असतंय तसं. काल रस्त्यात बोलायला थांबली, आज बोलायची थांबली." आपण मराठीत हे दिवसातून पन्नासदा करतो. 'यायला विसरले' आणि 'आलेलं विसरले' यांत आपली कधी गल्लत होत नाही. मग तेच इंग्रजीत आलं की आपल्याला घाम का फुटतो? माझं स्पष्ट मत आहे की घाम भाषेनं नाही, पर्यवेक्षकानं फुटतो आपल्याला. पण ते असो.

एक दिवस मेक आणि लेट आले. या दोघींच्या पुढं टू पण नाही आणि इंग पण नाही. लेट हिम गो. मेक हर सिट. नुसतंच क्रियापद.

"म्हंजी हिला हळद बी न्हाय आन् कुंकू बी न्हाय?" काकूचं बोट करंड्यावर तसंच राहिलं.

माझी आई तेव्हा ओट्याशी बसून हरभऱ्याचे घाटे सोलत होती. माझे वडील जाऊन सहा वर्षं झाली होती. गावातल्या हळदीकुंकवाला आईला बोलावत नाहीत. एक काकू सोडून. काकू दरवर्षी स्वतः येऊन आईला हाताला धरून नेते, सगळ्या बायकांच्या मधे बसवते, सगळ्यांसारखंच लावते. कुणी तोंड वाकडं केलं तर "पुढच्या वर्षी तुमी येऊ नका मग" एवढंच म्हणते. मी या विषयावर चार पत्रकं लिहिली आहेत. काकूनं एकही ओळ लिहिलेली नाही.

काकूनं एकवार आईकडं पाहिलं. मग मेकला हळद लावली, कुंकू लावलं. लेटलाही लावलं. दोन्ही.

व्याकरण साफ चुकलं होतं. दुसऱ्या दिवशी मी म्हटलं, काकू, पेपरात असं लिहू नको हं, मार्क जाईल.

"पेपरात न्हाय लिवणार. तेवढी अक्कल हाय मला," ती म्हणाली. "पुस्तकात राहू दे."

तिला शिकवता शिकवता माझ्या डोक्यात एक विचार घोळायला लागला होता. टू लागतं ते बहुतेक अजून व्हायचं असतं. वॉन्ट, होप, प्रॉमिस, सगळं पुढचं. इंग लागतं ते बरेचदा चालू असतं किंवा होऊन गेलेलं असतं. माझी सगळी पत्रकं म्हणजे टूचा कारभार: मागणी करण्यासाठी, जाब विचारण्यासाठी, हक्क मिळवण्यासाठी. आणि काकूचं आयुष्य म्हणजे झाडणं, निवडणं, शिजवणं, पुसणं, पोचवणं. मला वाटायचं, हिच्या आयुष्यात कुणीतरी एक टू घातला पाहिजे. आणि तो मीच घालणार. इथंच माझी चूक सुरू झाली.

रागाच्या भरात माझ्याकडून पत्रक फार चांगलं होतं. एका बैठकीत लिहिलं. मथळा: 'बाळांची नाकं पुसायला इंग्रजी कशाला?' आमच्याकडं पत्रकाचं एक शास्त्र आहे. मथळ्यात प्रश्न हवा, पहिल्या ओळीत माणूस हवा, दुसऱ्या ओळीत अन्याय हवा. माणूस खरा हवा, नावा-गावासकट, नाहीतर लोक म्हणतात ह्यांनी घरी बसून रचलंय. मी माणूस घातला. सुमन, नवऱ्याचं नाव, आडनाव, गाव, अंगणवाडी मदतनीस. दुसरी ओळ: 'इतकी वर्षं लेकरं सांभाळणारी ही माउली केवळ इंग्रजीत दोनदा नापास झाली म्हणून सेविका होऊ शकत नाही!' उद्गारचिन्ह मीच टाकलं. मग इंदापुरात तहसील कचेरीपुढं वाटलं, आणि उरलेला गठ्ठा निमगावच्या बाजारात.

काकूला विचारायचं माझ्या मनातसुद्धा आलं नाही. तिच्यासाठीच तर करत होते.

बाजारच्या दिवशी संध्याकाळी ती आमच्या घरी आली. पिशवी खाली ठेवली नाही. एक कागद माझ्यापुढं धरला. तेलकट झालेला, कडेला चिंचेच्या पाण्याचा डाग, मधे दोन-चार मुरमुरे चिकटलेले. भेळवाल्यानं आमच्या पत्रकाचे पुडे बांधले होते, आणि काकूनं स्वतःच्या नावातली भेळ खाल्ली होती.

"हे कुणी लिव्हलं?"

"मी." मी अजून अभिमानातच होते.

"ह्यात माझं नाव हाय."

"तुझ्यासाठीच आहे ते, काकू. अट रद्द झाली तर तुला पेपरच द्यावा लागणार नाही."

"मी म्हणाले व्हते का तुला, की मला पेपर द्यायचा न्हाय?"

मी त्या कागदावरचा एक मुरमुरा नखानं काढायला लागले.

"दोन वर्षं माहेरचं नाव सांगून परीक्षेला गेले. कुणाला कळू दिलं न्हाय. आन् तू भेळीच्या कागदावर छापलंस. खोटं असतं तर भांडले असते लोकांशी. खरं हाय, म्हणून बोलता येईना."

"पत्रकाला नाव लागतं गं काकू, त्याशिवाय..."

"मग तुझं टाकायचं. तू बी कशात तरी नापास असशीलच की."

आई आतून बाहेर आली, पण मधे पडली नाही. काकूनं कागदाची घडी घातली, पदराला हात पुसले. आवाज खाली आणून म्हणाली, "बाई रजिस्टर लिवतात तवा मी पाटी पुसत बसते. रोज बघते. मला ते लिवायचंय. पर अशी कीव करून दिलेलं नको. मला पास व्हायचंय, शुभे. तू माझ्यासाठी माफी मागत फिरलीस."

आणि ती गेली. शनिवार आला, तिनं बोलावलं नाही. पेपर बारा दिवसांवर होता.

ते दिवस मला आजही नीट आठवतात, कारण मी रागवायला कुणी शोधत होते आणि सापडत नव्हतं. शासन सापडेना, क्लासवाले सापडेनात. मीच सापडत होते. बारामतीत सकाळी एमआयडीसीच्या फाटकाशी पत्रकं वाटताना मोटरसायकलीवरचे लोक एका हातानं कागद घेत आणि दुसऱ्या हातानं गाडी पुढं काढत. जवळच्या डेअरीतून दूध आटवल्याचा गोडसर वास. आणि माझ्या हातातल्या पत्रकाच्या पहिल्या ओळीत कुणातरी बाईचं नाव. मी त्या बाईला विचारलं होतं का? आठवेना. मी गठ्ठा पिशवीत टाकला आणि घरी आले.

त्याच रविवारी मी जुन्या वर्तमानपत्रांची रद्दी घेऊन भेळवाल्याकडं गेले. म्हटलं, ही घ्या आणि माझी पत्रकं परत द्या. तो म्हणाला, "ताई, तुमचा कागद चांगला व्हता, जाड." उरलेली सगळी आणली आणि काकूच्या ओट्यावर ठेवली.

"सगळी परत आणली, काकू."

"खाल्लेल्या भेळीची कशी आणशील?"

मी म्हटलं, "चुकले मी." असं साधं वाक्य मी त्याआधी कधी बोलले असेन असं वाटत नाही, आमच्या भाषेत 'दिलगिरी व्यक्त करण्यात येत आहे' असतं. काकूनं सूप माझ्याकडं सरकवलं. "ज्वारी निवड. आन् विचारू नको काय. नुसतं ऐक." ती पुस्तक मिटून क्रियापदं म्हणत गेली, मी खडे काढत गेले. एके ठिकाणी ती अडखळली, माझं तोंड उघडलं. तिनं नुसतं पाहिलं. मी परत सुपात बघायला लागले. जरा वेळानं तिचं तिला आठवलं.

गावानं सोडलं नाही, हेही सांगायला पाहिजे. डेअरीवर दूध घालायला गेली की तिथले तात्या हटकायचे, "काय सुमन, विलायतला कवा निघायचं?"

"तुमची राहिलेली चार मेंढरं इकून झाली की निघू, तात्या. वाटंत सोबत पायजे न्हवं?"

गावाला कळलंच होतं तर आता लपवायचं काय, म्हणून ती पुस्तक अंगणवाडीत घेऊन जायला लागली. पोरं खिचडी खात असताना पायरीवर बसून वाचायची. ज्या बाईंना कळू नये म्हणून ती दोन वर्षं खोटं बोलली, त्याच बाई म्हणाल्या, "मला का नाही सांगितलंस गं?" आणि रोज दुपारी तिची प्रश्नोत्तरं घ्यायला लागल्या. याचं श्रेय कुणी मला देऊ नये. देऊ केलं तर मी घेईन अशी आहे, म्हणून आधीच सांगून ठेवते. नाव तिचं होतं, ते उघडं करायचं की झाकायचं हे तिनं ठरवायचं होतं. पुढं बरं झालं म्हणून मागं केलेलं बरं होत नाही.

पेपर इंदापुरात होता. मला तिनं येऊ नको म्हणून सांगितलं होतं. मी गेले, पण रस्त्याच्या पलीकडं रसवंतीच्या छपराखाली उभी राहिले. पोपटकाकानं पाळी बुडवून तिला मोटरसायकलवर आणलं. तिनं जांभळी साडी नेसलेली, खांद्याला पर्स, हातात पारदर्शक पाउच. फाटकाशी घोळक्यानं उभी असलेली पोरं तिला बघून एकदम सरळ झाली. "गुड मॉर्निंग मॅडम!" हवालदारानंही सलाम करून शिक्षकांच्या बाजूचं फाटक उघडलं. काकू थांबली. मला वाटलं, आता ही लाजून परत फिरणार. तिनं पाउचमधून हॉल तिकीट काढलं, हवालदाराला दाखवलं आणि पोरांच्या रांगेत, शेवटच्या पोराच्या मागं जाऊन उभी राहिली. त्या पोरानं मागं वळून पाहिलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, तुमचं बी इंग्रजी राहिलंय?" तिनं काय उत्तर दिलं ते रस्त्याच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. पण तो हसला, आणि तिला पुढं जागा करून दिली.

दोन वाजता ती बाहेर आली. मला बघून आश्चर्य वाटल्यासारखं काही तिनं दाखवलं नाही. मी विचारलं, कसा गेला? "गेला." जेरंडचा प्रश्न आला होता का? "आला व्हता." मग काय लिहिलंस? तिनं माझ्या हातातला रसाचा ग्लास घेतला, पिऊन टाकला आणि म्हणाली, "पेपर माझा हाय." मोटरसायकलवर बसली आणि गेली. ग्लासात बर्फ तेवढा उरला होता.

निकाल मेमधे लागला. भर दुपारी, पत्र्याच्या सावलीत आई आणि काकू कुरडया घालत होत्या. दोघींचे हात चिकानं बरबटलेले. माझ्या मोबाईलवर पान उघडता उघडेना, मग एकदम उघडलं. मी तोंड उघडलं, तोवर काकू ओरडली, "वाचू नको!" हात धुतले. पदराला पुसले. परत धुतले. मोबाईल हातात घेऊन ती उन्हाकडं पाठ करून उभी राहिली, आणि खालून वर, प्रत्येक ओळ बोटानं दाबत वाचत गेली. इंग्रजी. एकेचाळीस.

तिनं मोबाईल मला परत दिला आणि आईला म्हणाली, "चीक गार व्हतोय, वहिनी." आणि परत कुरडया घालायला बसली. दोन कुरडया नीट झाल्या. तिसरी घालताना साचा तिच्या हातात तसाच राहिला, आणि ती तोंडावर पदर घेऊन रडायला लागली. आईनं तिच्या हातातून साचा काढून घेतला आणि उरलेल्या कुरडया एकटीनं घातल्या. मी वाळवणावर येणाऱ्या चिमण्या हाकत बसले. आणखी काय करणार?

जूनमधे आदेश आला. मदतनीसेची नवी नेमणूक अजून झालेली नव्हती, म्हणजे झाडायचंही तिनंच आणि लिहायचंही तिनंच. यावर मी बोलणार होते, पण तो दिवस त्याचा नव्हता. मी गेले तेव्हा खोली झाडून झाली होती, पोरं भिंतीशी बसलेली, दोघं रडत होते, एक बूट चावत होता. काकू खुर्चीत बसली नव्हती. पोरांच्या समोर सतरंजीवर मांडी घालून बसली होती, मांडीवर रजिस्टर. टोपण तोंडात धरून तिनं तारीख टाकली.

मला तो क्षण संघटनेच्या वार्तापत्रासाठी हवा होता. फोन काढला. मग थांबले.

"काकू, फोटो काढू का? छापायला?"

"न्हाय," ती म्हणाली. मानसुद्धा वर केली नाही.

मी फोन पिशवीत टाकला आणि दाराशी बसले. ती एकेक नाव घ्यायला लागली. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट, आडनावासकट, जणू प्रत्येक जण मोठा माणूस आहे. पोरं 'हजर' म्हणायची, काही नुसतीच मान हलवायची. एका पोरीनं सवयीनं "हजर, मावशी" म्हटलं. काकूनं तिला दुरुस्त केलं नाही. वहीत खूण केली, आणि पुढचं नाव घेतलं.